तांदळात लिहिलेलं नाव

मृदुला मोघे कोण?

डब्लिनहून आलेला मेल तसा लांबलचक होता, अदबीचा होता. पण बाकीचं सगळं गाळलं की उरत होतं ते एवढंच. तिथे नर्स म्हणून नोंदणीचा अर्ज होता शमिका नेवेचा. पासपोर्ट शमिका नेवेचा, अनुभवाची पत्रं शमिका नेवेची. डिप्लोमा मात्र कुणा मृदुला मोघेचा. तर या बाई कोण आणि तुमचा त्यांच्याशी संबंध काय, ते सहा आठवड्यांत पुराव्यासह कळवा. नाहीतर फाइल बंद.

शमिका प्रेमनगरातल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. तिनं ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं. दवाखान्यात ती ‘सिस्टर’ होती, गल्लीत ‘भाभीजी’. एकुलती एक मुलगी. आईवडील गेले, तसं मृदुला म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. आणि आता समुद्रापलीकडचं कुणीतरी, ना चेहरा ना आवाज, त्या मुलीची विचारपूस करत होतं. क्षणभर तिला वेड्यासारखं बरं वाटलं. मग ती सहा आठवड्यांची मुदत आठवली. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला कशीबशी निघाली होती. दीड वर्षाची धडपड, आणि अडलं कुठे, तर स्वतःच्याच नावाशी.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वकील नीरज सक्सेनांनी कागद उलटेपालटे केले.

“मैडम, सरनेम बदला, समझ गए. नाम कैसे बदल गया?”

“हमारे यहाँ शादी में बदलते हैं. ससुराल आने पर दूल्हा थाली के चावल में अँगूठी से नया नाम लिखता है.”

“अच्छा! और वो थाली?”

“चावल तो पक गए, भैया.”

सक्सेनांनी पेन खाली ठेवलं. “मतलब सबूत आप लोग खा गए.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिला नवऱ्याची, परागची अंगठी दिसली, तांदळात ‘श’ची गाठ काढताना अडखळलेली. नंतर त्यानंच हौसेनं सगळीकडे नाव बदलून आणलं होतं; त्याचे कागद कुठे ठेवले, ते त्यालाच ठाऊक. डिप्लोमा तेवढा राहिला. पराग जाऊन आता चार वर्षं झाली.

“ऐसा कोई लाइए,” वकील म्हणाले, “जो उस वक़्त वहाँ मौजूद था. एफ़िडेविट दे दे कि दोनों एक ही औरत हैं. बस.”

बस! नाव ठेवलं ते गृहप्रवेशानंतर, सासरच्या माणसांत. भुसावळहून आलेले पाहुणे कोण कुठे पांगले, कुणाला ठाऊक. उरल्या एक इंदुमतीबाई, तिच्या सासूबाई. ‘शमिका’ हे नाव सुचवलं होतं त्यांनीच. आणि ती परदेशी गेली, तर या घरात एकट्या राहणार होत्या त्याही त्याच. शमिकानं त्यांना अजून अवाक्षर सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी इंदुमतीबाई मेथी निवडत होत्या.

“अहो आई, एक सही हवी होती.”

“पेन्शनची?”

“नाही.”

“मग आयर्लंडची असेल.”

शमिकानं हातातला कागद पाठीमागे नेला.

“रोज गच्चीवर जाऊन इंग्रजीत कुणाशी भांडतेस, मला ऐकू येत नाही होय? शेजारच्या गुप्ताइन विचारत होत्या, बहू का कहीं चक्कर तो नहीं चल रहा? म्हटलं, असलं तर बरंच आहे.” त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. “किती दिवसांसाठी?”

“दोन वर्षं तरी. मग तुम्हाला मी तिकडे...”

“ते नको सांगूस. थंडीत माझे गुडघे इथेच धरतात.”

“सही कराल?”

“उद्या बघू.”

ते उद्या चार दिवस चाललं. चार दिवस त्या घरात दोन बायका आणि मोजके शब्द. ताक आहे. दूधवाला आला. पंखा बंद कर. आख्ख्या गल्लीत मराठी बोलणारं हे एकच घर, आणि त्यातली मराठी आता एवढ्यावर येऊन ठेपली होती. शमिकाला वाटायचं, त्यांनी भांडावं तरी, दोन शिव्या द्याव्यात. पण त्या आपल्या तिच्या डब्यातल्या पोळ्यांना रोजच्यासारखं तूप लावत राहिल्या. ते तिला जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी ती ड्यूटीहून आली, तर इंदुमतीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत आधार कार्ड घालून दाराशी बसलेल्या.

“चल. वकील उठून जाईल.”

सक्सेनांनी खुर्ची पुढे केली. “माताजी, बस एक बात बोलिए. ये मृदुला और शमिका, दोनों एक ही हैं ना?”

“नहीं,” इंदुमतीबाई म्हणाल्या.

“अहो आई!” शमिका म्हणाली.

“मृदुला को तो हमने एक ही दिन देखा, भैया. दरवाज़े पे आई, उखाणा भूल गई, और इतना हँसी, इतना हँसी कि पूरा घर हँसने लगा. फिर थाली में नाम लिखा गया. उसके बाद ये मिली. ये इतना नहीं हँसती.”

वकिलांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे. “माताजी, काग़ज़ पे क्या लिखूँ?”

इंदुमतीबाईंनी टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला.

“लिख दो, एक ही है,” त्या म्हणाल्या. “नाम हमने बदला था. इस बेचारी से पूछा भी नहीं था.” आणि एकेक अक्षर कोरावं तशी त्यांनी सही केली.

बाहेर रिक्षावाल्यानं हाक देऊन कुठे जायचं ते विचारलं, “काय बाई, किते जाने?” इथल्या बुंदेली बोलीतला हा ‘काय’ कानावर पडला, की इंदुमतीबाईंना पन्नास वर्षांनंतरही क्षणभर वाटायचं, आपलंच कुणी बोलावतंय. त्या आत चढल्या. अर्धा रस्ता मागे पडला.

“माझं नाव विजयालक्ष्मी होतं,” त्या एकदम म्हणाल्या.

“काय सांगता! कधी?”

“होतं एकोणीस वर्षं. सासूबाईंना एवढं लांब म्हणता येईना, म्हणून इंदुमती केलं. आमच्या घरी मला विजू म्हणायचे.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“कुणाला सांगू? म्हणणारं कुणी राहिलं नाही.” त्या बाहेर, छावणीच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होत्या. “तुझी निदान कुणी चौकशी तरी केली गं. ही बाई कोण, म्हणून.”

शमिकाला त्याच क्षणी ते नाव घ्यावंसं वाटलं. पण सासूला नावानं हाक कशी मारायची? जीभ रेटेना. रिक्षा घराशी आली आणि तिनं पैसे काढले.

कागद पाठवल्यापासून अकराव्या दिवशी डब्लिनचं उत्तर आलं. प्रतिज्ञापत्र मान्य, नावाचा प्रश्न मिटला, पुढची कागदपत्रं पाठवतो. शमिकानं गच्चीवर उभ्यानंच दोनदा वाचलं. सांगायला हवं होतं कुणाला तरी, ओरडून सांगायला हवं होतं. मोबाइलमधली नावं तिनं खालवर फिरवली आणि मोबाइल बंद केला. जिना उतरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. इंदुमतीबाई पाठमोऱ्या बसून ताटात तांदूळ निवडत होत्या.

“विजू,” ती म्हणाली.

बोटं चालतच राहिली. हाक जणू कुठल्याशा लांबच्या घरी जाऊन परत यायची होती. मग बोटं थांबली.

“ओ,” त्या म्हणाल्या. मान वळवली नाही. “झालं?”

“झालं.”

“बरं झालं.”

त्यांनी ताटातले तांदूळ तळहातानं सारखे केले, मधोमध रेघ ओढली आणि अर्धे उचलून पुन्हा डब्यात टाकले.

“अहो आई, मी अजून इथेच आहे. आजच कशाला?”

“सवय नको का करायला,” इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि उरलेल्यातला खडा शोधू लागल्या.