रांजणाखालचं गाजर

दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते. चुलीवर चहा उकळत होता आणि पंचफुलाबाई पाटावर बसून उजवा गुडघा शेकत होत्या. बाहेर त्यांची धाकटी जाऊ धुरपता अंगण झाडत होती. धुरपताच्या झाडण्याला शेवट नसे. पान दिसलं की झाड, गवताची काडी दिसली की उपट. बोरी अरब गावात एवढं स्वच्छ अंगण दुसरं नाही, असं लोक म्हणत. पंचफुलाबाईही म्हणत, पण जरा वेगळ्या सुरात.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"दार उघडंच आहे वो! कोन वाजवून राह्यलं?"

आल्या त्या पलीकडच्या गल्लीतल्या विमलताई. हाताला पांढरी धूळ, पदर खोचलेला.

"आमच्याकडे स्वयंपाकघराची फरशी बदलणं सुरू आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीतल्या फळ्या काढल्या तर मागे हे पडलेलं सापडलं. तुम्ही मला पेरायला दिलेलं बी ना हे?"

होमिओपॅथीच्या गोळ्यांची बोटभर बाटली होती ती. वर कागदाची पट्टी आणि त्यावर विमलताईंचंच अक्षर: 'गाजर, पंचफुलाबाई'.

पंचफुलाबाईंनी बाटली कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी सरसरलं. चुलीवरचा चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

हे गाजर बाजारात मिळतं तसं लाल नव्हे. फिकट पिवळं, खांद्याशी जांभळी झाक. कच्चं खाल्लं तर उग्र लागे, पण शिजवलं की बटाट्यासारखं पिठूळ आणि वर गोड. ढाणकीकडच्या माहेराहून येताना आईने पंचफुलाबाईंच्या पदराच्या गाठीत त्याचं बी बांधून दिलं होतं. तेव्हापासून दरवर्षी त्या थोडी गाजरं जमिनीत राखत, त्यांना फुलू देत आणि चैतात बी झाडून ठेवत. मालक गेले, पोरगा राजदीप नागपूरला नोकरीला लागला, पण घरामागचा दहा गुंठ्यांचा मळा काही थांबला नाही. वांगी, मिरची, टमाट्याची रोपं न्यायची तर पंचफुलाबाईंकडूनच, असं चार गावांत झालं. कारल्याचं हट्टी बीसुद्धा त्या उगवून दाखवत.

फक्त हे गाजर गेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या. दोन महिन्यांनी परत येऊन पाहतात तर मळा आरशासारखा चकचकीत. कोपऱ्यात बियाण्यासाठी राखलेली, छातीएवढी वाढून पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांवर आलेली झाडं कुठेच नव्हती. धुरपता मोठ्या अभिमानाने म्हणाली होती, "लय गवत माजलं होतं बाई, सारं साफ केलं!"

पंचफुलाबाईंनी "बरं केलं" म्हटलं होतं. दोन महिने जिने घर, मळा आणि म्हैस सांभाळली तिला आणखी काय म्हणणार? घरातलं बीही त्या हंगामात सगळं पेरून झालं होतं. गाजर कसं गेलं हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"पाच वर्षांचं बी आहे," विमलताई म्हणाल्या. "उगवेल का?"

"गाजराचं बी दोन-तीन वर्सं टिकते. पुढं त्याच्या मनावर." पंचफुलाबाईंनी तळहातावर बाटली उलटी केली. जेमतेम चिमटीभर बी निघालं. "तीन वाटे करू. सारं एकदम नाई."

पहिला वाटा त्यांनी कारल्यासारखा केला. भिजवला, ओल्या फडक्यात बांधला आणि तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगात उबेला ठेवला. ताजं बी असतं तर त्यांनी नुसतं मातीवर फोकून, विखरून दिलं असतं, एवढे लाड केलेच नसते. पण म्हातारं बी आहे, त्याला ऊब लागेल, असं त्यांना वाटलं. आठव्या दिवशी पुरचुंडी सोडली तर आंबलेल्या डाळीसारखा वास आला. बियांवर पांढरी बुरशी चढली होती.

"मेलं," धुरपता म्हणाली.

"मीच मारलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "थंडीतलं बी ते, त्याले म्या शेकून काढलं."

दुसरा वाटा मळ्यात पेरला. सोबत मुळ्याचं बी टाकलं, कारण मुळा चार दिवसांत वर येतो आणि ओळ दाखवतो. गाजर मागाहून येईपर्यंत कुणी चुकून त्या जागेवर पाय देत नाही. मुळा आला, ओळ दिसली, गाजर मात्र नाही. धुरपता रोज झारीने पाणी घाली आणि रोज दुपारच्या उन्हात त्या काळ्या मातीवर पापडी धरे. पंधरा दिवस झाले. शेवटी पंचफुलाबाई कशाबशा खाली बसल्या आणि सुईने पापडीचा एक तुकडा उचलला.

खाली केसाएवढे दोन पांढरे कोंब होते, वाकून, दुमडून वाळलेले.

त्यांनी तिथूनच हाक मारली. "विमलताईले बोलाव वो धुरपता!"

विमलताई धावत आल्या. चष्मा लावून त्यांनी ते कोंब नीट पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "हेही गेले की हो."

"गेले ना. पण उगवून गेले!" पंचफुलाबाईंचा आवाज चढला होता. "बी जित्तं आहे. त्याले डोक्यावरचं झाकण उचललं नाई, एवढंच. माह्यावानी. म्या तरी खुर्चीतून धरल्याबिगर उठतो का?"

तिघी हसल्या. हसता हसता पंचफुलाबाईंचं लक्ष ओसरीच्या कडेला गेलं. तिथे वाळूत बसवलेला पाण्याचा रांजण होता. रांजण दिवसभर पाझरायचा, वाळू कायम ओली आणि गार राहायची. सांडलेल्या धन्यांचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिथे दर हिवाळ्यात आपोआप उगवे. कोणी पेरत नसे, कोणी पाणी घालत नसे, आणि वाळूवर पापडी कधी धरत नसे.

"बत्तीस वर्सं झाली या रांजणाचं पाणी पिऊन राह्यलो," त्या म्हणाल्या, "आन अक्कल आज आली."

शेवटचा वाटा रांजणाखाली, कडेच्या ओल्या वाळूत गेला. वर बोटाच्या पेराएवढीही नाही इतकी पातळ वाळू आणि त्यावर ओलं गोणपाट. आता कुटारही नाही, झारीही नाही. रांजण भरलेला ठेवायचा, एवढंच काम. ते धुरपताने न सांगता आपल्याकडे घेतलं. थंडीत पाणी कमी लागतं तरी ती दिवसातून दोनदा रांजण काठोकाठ भरू लागली. रोज सकाळी ती गोणपाटाचा एक कोपरा उचलून आत डोकावे. बाहेरच्या फाटकाशी येऊन विमलताई रोज विचारत, "काही खबर?" आणि धुरपता आतूनच ओरडे, "झोपले हायेत अजून!"

सतराव्या दिवशी पंचफुलाबाई बाहेर आल्या तर धुरपता रांजणापाशी उकिडवी बसलेली, गोणपाट बाजूला आणि हात वाळूत. पंचफुलाबाई लंगडतच पुढे झाल्या.

"काय उपटून राह्यली वो?"

"उपटत नाई बाई. मुंगळे येचून राह्यली." धुरपताने मान वर केली नाही. "हे पाह्य. केसं निंघाले."

खरंच होते. बारीक हिरवे दोरे, प्रत्येकाला दोन लांबट पानं. पण सांबारही असाच येतो. पंचफुलाबाईंनी मग आणखी चार दिवस जाऊ दिले. मधोमध नखाएवढं, बारीक चिरलेलं पान फुटलं, तेव्हा एकाचं टोक चुरडून त्यांनी वास घेतला. मग बोटं धुरपताच्या नाकाशी धरली.

"गाजर," धुरपता म्हणाली.

अकरा रोपं होती. पंचफुलाबाईंनी मळ्याच्या कोपऱ्यात अर्धी वाळू मिसळून वाफा केला आणि चमच्याने एकेक रोप वाळूच्या ढेकळासकट उचलून तिथे बसवलं.

"गाजर जागेवरून हलवलं की मूळ वाकडं होतं म्हणतात," विमलताईंना काळजी पडली.

"होऊ द्या. आपल्याले कुठी बाजारात न्याचे हायेत? बी सरळ येते. माह्ये पाय पाहा, आन राजदीपची चाल पाहा."

जानेवारी सरत आला तोवर गाजराचा पाला वीतभर उंच झाला होता. या खेपेला उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाई काठी टेकत वाफ्याशी आल्या. धुरपता आधीच तिथे उभी होती. वाफ्याभोवती तिने कुंपण म्हणून कुपाटीच्या काट्या रोवल्या होत्या, आणि वाफ्यातलं एक गवत तसंच राहिलं होतं. धुरपताच्या राज्यात हे नवलच.

"हे फुलते तवा कसं दिसते बाई?" धुरपताने विचारलं.

"उंच होते. छातीएवढं. वर पांढऱ्या छत्र्या. गवतच वाटते पाहणाऱ्याले."

धुरपताने वाकून एका पानाला बोट लावलं. मग हळूच म्हणाली, "तवा म्या उपटलं, ते हेच होतं."

"हाव."

"आन तू बरं केलं म्हटलं."

"तुले माहीत नव्हतं. आन म्या सांगून नव्हती गेली. चूक माहीबी आहे."

धुरपताने डोळे पुसले आणि लगेच कुपाटीची एक ढिली काटी हाताने ठोकू लागली. पंचफुलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा आधारालाही.

"धुरपता, आता सांगून जातो. हे अकराही चैतापर्यंत उभे राहू देजो. उपटू नोको."