आंब्याच्या देठाला रंग

ठाण्याला खारकर आळीत हरिहर टिपणीस सरांचा निबंधाचा वर्ग भरत असे. कॉलेजात जाणारी मुलं एकमेकांना सांगत, "सर प्रश्न सोलायला शिकवतात." सोलायला हा शब्द सरांना कुठे सापडला, हे एकाही मुलाने कधी विचारलं नाही. मी सांगते. तो कोलंबीवरून आला, आणि तो सरांचा नव्हता.

सर दिवसा शाळेत मास्तर. मास्तरकीच्या बी.टी. परीक्षेला ते पहिल्यांदा बसले एकोणपन्नास साली. निबंधाला विषय होता, ‘माहिती म्हणजे ज्ञान नव्हे. चर्चा करा.’ सरांनी ज्ञानाची थोरवी लिहिली, ज्ञानाशिवाय माणूस पशू कसा होतो तेही लिहिलं आणि नापास झाले. पुढच्या वर्षी ते ओटीवर येरझारा घालत तोच निबंध घोकत होते. आत त्यांची बायको उत्तरा कोलंबी सोलत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, तुम्ही ज्ञानाची आरती करताय. प्रश्न काय आहे?"

"ज्ञानावर आहे."

"ज्ञानावर नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, असं कुणीतरी ठासून म्हणतंय. ते तुम्हाला पटतं का, एवढंच विचारलंय. आधी माहिती कशाला म्हणायचं ते ठरवा. मग ज्ञान कशाला. मग ते ‘नव्हे’ कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढे खोटं, ते बघा. ही कोलंबी सोलते ना, तसं. डोकं काढायचं, साल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा. तो राहिला तर सगळी आमटी वाया."

"तुला काय कळतंय त्यातलं," सर म्हणाले. पण परीक्षेत त्यांनी सोलून लिहिलं, आणि ते पास झाले.

उत्तराला त्यातलं का कळत होतं, तेही सांगते. ती कल्याणची, पारनाक्यावरची. तिचे वडील वकिलाकडे कारकून होते. संध्याकाळी घरी आले की दिवसभरात लिहिलेले अर्ज मुलीला तोंडी सांगत आणि विचारत, "यात म्हटलंय किती, आणि दाखवलंय किती?" दुसऱ्या घरांतल्या मुली त्या वेळी शुभंकरोति म्हणत. ही ते म्हणून मग हे करी. मॅट्रिक झाली आणि सेहेचाळीस साली तिचं लग्न झालं. पुढे कॉलेजात घालू, असं बोलणीत कबूल केलं होतं. कबूल करणारी माणसं लाडू खाऊन विसरली. मग तिने महिला विद्यापीठाच्या परीक्षा घरी बसून दिल्या, दोन बाळंतपणांच्या मधून वाट काढत, आणि पदवी घेतली. त्या दिवशी घरात शिराही झाला नाही. तिनेच करायचा होता, आणि तिने केला नाही.

तोवर सरांच्या वर्गाचं नाव झालं होतं. ज्ञान, सत्य, अनुभव, पुरावा असे शब्द विषयात आले की मुलांना घाम फुटे, आणि नेमके असे विषय परीक्षकांना आवडत. सर फळ्यावर विषय लिहीत, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा ओढत आणि म्हणत, "आता यातला एकेक शब्द सोलू." थोडं सोलून झालं की अडत. मग "पाणी पिऊन येतो" म्हणून आत येत.

"अगं, ‘अनुभव’ आलाय. काहीतरी दे."

उत्तरा फोडणी देता देता उदाहरण देई. सर बाहेर जाऊन ते सांगत. मुलं म्हणत, सरांना तहान फार लागते.

त्यांतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण माशाचं. कळव्याची मनुबाई कोळीण दारावर येई. ती म्हणे, "ताजी बोय हाय गो बाय, खाडीतली." आता हे ऐकीव झालं. उत्तरा कल्ला उचलून बघे, लाल असला तर घेई. हा झाला स्वतःचा अनुभव. पण लाल कल्ला म्हणजे ताजा मासा, हे तिला कुणी सांगितलं? आईने. म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्यातही ऐकीव मिसळलेलंच असतं. आणि एक दिवस मनुबाईने बाजारातल्या दुसऱ्या एका बाईबद्दल कानात सांगितलं, "तिचं घेव नको गो. शिल्या मासल्याच्या कल्ल्याला रगत चोपरते ती." म्हणजे डोळेही फसतात, आणि ते फसले हे पुन्हा ऐकूनच कळतं. ‘ऐकीव’ आणि ‘अनुभव’ हे शब्द वेगळे करायला बसलो की कुठे चिकटून येतात, ते या एका बोयीवरून शेंबड्या पोराला समजावं.

त्रेपन्न साली सरांचं पुस्तक निघालं. ‘निबंधाचा प्रश्न कसा वाचावा’. सरांनी ते कीर्तिशेष वडिलांना अर्पण केलं होतं, आणि ते वडील सरांच्या लहानपणीच गेलेले. प्रस्तावनेत सरांनी प्रकाशकाचे, हेडमास्तरांचे आणि मुद्रितं तपासणाऱ्या मित्राचे आभार मानले. उत्तराने ते जेवणं आटोपल्यावर वाचलं. आपलं नाव नाही, हे तिला अपेक्षितच होतं. पण ऐकिवाच्या प्रकरणावर येऊन ती थांबली.

"अहो, मासा कुठे गेला? इथे आंबा आहे."

"अगं, पुस्तक पुण्यात विकायचंय," सर म्हणाले. "बोय आणि कल्ला कुठे घालू?"

आंबेवाला सांगतो फळ पिकलंय, आपण देठाशी वास घेऊन बघतो, तो वास ओळखायला आपल्याला आईने शिकवलेलं असतं. इथवर ठीक होतं. पण रक्त चोपडण्याचं काय करायचं, ते सरांना सुचलं नसावं. त्यांनी लिहिलं होतं, ‘काही लबाड विक्रेते देठाला रंग लावतात.’

"देठाला रंग लावून आंबा कोण विकतं?" उत्तराने विचारलं. "आणि तुम्ही वास घेताय ना? मग रंगाचं काय?"

"मुलं इतकं बघत नाहीत," सर म्हणाले आणि झोपले. मुलांनी खरंच बघितलं नाही. पुस्तक खपलं.

पंचावन्न साली कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना मराठी शिकवायला बाई हवी होती. उत्तराने अर्ज केला. पगार हवा होताच, पण त्याहून तिला एक गोष्ट हवी होती. इतकी वर्षं ती भिंतीआडून शिकवत आली होती. एकदा तिला मुलींसमोर उभं राहून शिकवायचं होतं, तिच्या तोंडून, तिच्या नावाने. सर म्हणाले, "बघ, जमतंय का." सोबतीला म्हणून तेही कल्याणला आले आणि शाळेच्या व्हरांड्यात बसले.

निवड करणारे ओकसाहेब शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी उमेदवार बायकांना निबंध लिहायला बसवलं. विषय होता, ‘दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान हे ज्ञान मानावे काय?’ उत्तराने आधी ‘सांगणे’ सोललं, मग ‘मानावे’ सोललं, कुणी मानावं ते विचारलं, आणि मग तिने तिची बोय लिहिली. कल्ल्यासकट, रक्तासकट. मासा तिचा होता. तो लिहिताना कुणाची चोरी होती?

दुपारी तिला आत बोलावलं. ओकसाहेबांच्या टेबलावर सरांचं पुस्तक होतं.

"बाई, निबंध उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त तो तुमचा नाही. आंब्याच्या जागी मासा घातलात, एवढंच."

"उलटं आहे ते, साहेब. माशाच्या जागी आंबा घातलाय."

"कुणी?"

"माझ्या यजमानांनी. पुस्तक त्यांचं आहे."

ओकसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "हे टिपणीस तुमचे यजमान? आडनाव बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. मग सोपं झालं. बाहेर आहेत का? बोलवा त्यांना."

सर आत आले. ओकसाहेब उठून उभे राहिले. बाईसाठी ते उठले नव्हते. "टिपणीस, तुमचं पुस्तक आमच्या शाळेत लावतोय आम्ही. एक सांगा, हे आंब्याचं उदाहरण तुमचंच ना? बाई म्हणतात, त्यांचं आहे."

उत्तराने नवऱ्याकडे बघितलं. एक ‘नाही’ पुरलं असतं. ‘आम्ही दोघांनी’ एवढंही चाललं असतं. सर हसले. ते हसणं मी असंख्य नवऱ्यांच्या तोंडावर बघितलंय.

"त्याचं काय आहे, साहेब, मी ओटीवर शिकवतो, ही आत स्वयंपाक करते. सारखं कानावर पडून तोंडपाठ झालं असेल तिला."

"साहजिक आहे," ओकसाहेब म्हणाले.

"साहेब," उत्तराचा आवाज चढला, "त्या पुस्तकात आंब्याच्या देठाला रंग लावलाय, तेवढं वाचा. असा आंबा कुठे बघितलात तुम्ही? तो रंग माशाच्या कल्ल्यावरचा आहे. आंब्याला लावून बघितला, तो बसला नाही. चोरलेलं अजून दिसतंय तिथे."

ओकसाहेबांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. "लावत असतील कुणी," ते म्हणाले. "हल्ली लोक काय करतील सांगता येत नाही."

"मग मला दुसरा विषय द्या. इथेच, तुमच्यासमोर लिहिते."

"त्याची आता गरज नाही, बाई." आणि त्यांनी पुस्तक सरांपुढे सरकवलं. "टिपणीस, आलाच आहात तर सही द्या यावर."

सरांनी सही दिली. तारीखसुद्धा घातली.

परतीच्या वाटेवर कळव्याची खाडी आली तेव्हा सर म्हणाले, "तिथे मी काय बोलायला हवं होतं? माझी चार लोकांत काय शोभा झाली असती? नोकरी काय, दुसरी मिळेल तुला."

उत्तरा रडली नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी बायका रडतात. तिला इतका राग आला होता की रडायला त्यात जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सरांनी फळ्यावर ‘सत्य’ हा शब्द लिहिला, त्याखाली रेघ ओढली, थोडं सोललं आणि आत आले.

"पाणी दे गं."

तिने फुलपात्र भरून त्यांच्या हातात दिलं.

"अगं, ‘सत्य’ आलंय."

"आणखी हवं तर तांब्या भरलेला आहे."

"उत्तरा, मुलं बसलीत बाहेर."

"तुम्ही शिकवता, मी ऐकते," ती भाकरी थापत म्हणाली. "मला कुठून येणार?"

सर फुलपात्र घेऊन उभे राहिले. मग बाहेर गेले आणि सत्याची थोरवी सांगू लागले. दिवाळीपर्यंत वर्ग निम्म्यावर आला. प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीसाठी नवं प्रकरण मागत होता. ते आलं नाही, म्हणून त्याने जुनंच पुन्हा छापलं, देठाच्या रंगासकट.

दिवाळीनंतर उत्तरा सरांना म्हणाली, "दुपारी ओटी मोकळी असते. तेव्हा ती मला हवी." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आळीतल्या पाच-सहा मुली आल्या. त्यांत समोरच्या जोशांची सरोज होती, नाकाला पदर लावून बसलेली. कारण बाईंनी पहिल्याच दिवशी मधोमध ताटात एक बोय ठेवली होती. मनुबाईला सांगून मुद्दाम बाजारातल्या त्या दुसऱ्या बाईकडून आणवली होती.

"सरोज, कल्ला उचल."

"बाई, मी नाही बाई! आई घरात घेणार नाही."

"हात धुऊन जा. उचल."

सरोजने डोळे बारीक करून कल्ला उचलला. "लाल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ताजा, असं तुम्ही आत्ताच सांगितलंत."

"मी सांगितलं. आता ओल्या फडक्याने पूस."

सरोजने पुसलं. लाल सगळं फडक्यावर आलं. खाली कल्ला मातकट, राखाडी. मुली पुढे वाकल्या. सरोजचा पदर नाकावरून कधी खाली आला, तिला कळलंही नाही. "बाई, हे तर फसवलं!"

"कुणी?"

सरोज विचार करू लागली. कोळणीने, डोळ्यांनी, की बाईंनी? उत्तराने तिला घाई केली नाही. शाळेला सुट्टी होती, सर घरात होते. आतल्या खोलीत त्यांची पावलं मघापासून थांबलेली होती.

"तोवर एक काम कर," उत्तरा आवाज मुळीच न उतरवता म्हणाली. "हे फडकं घेऊन आत जा आणि सरांना विचार, हा रंग आंब्याच्या देठाला लावता येतो का."

सरोज फडकं चिमटीत धरून आत गेली. सर पाणी पीत होते.