हात ढिला सोड

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आधी बांगड्यांचा आवाज ऐकू येतो, चेहरे मागाहून दिसतात. दुष्काळ सरत आलेला. सोलापुरातली उन्हाळ्याची दुपार. गिरणीचा भोंगा नुकताच थांबलाय आणि ठाण्याच्या खिडकीतल्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगताहेत. मी तेव्हा नवा फौजदार होतो. नवा फौजदार स्वतःला फार शहाणा समजतो. मीही समजत होतो.

खबर आणली एका म्हाताऱ्या कासारणीनं. ठाणे अंमलदारानं तिला दोनदा हुसकावलं. तिसऱ्यांदा ती बांगड्यांचं गाठोडं घेऊन पायरीवरच बसली, तेव्हा मी तिला आत बोलावलं.

"सायेब, तालमीमागच्या घरात मला बांगड्या भराया बोलावलं हुतं. तितं एक नवी पोर हाय. मी वळकते तिला. मोहोळच्या बाजारात आईसंगं यायची."

"नाव काय तिचं?"

"नाव ठावं न्हाय. तोंड बी नीट आटवत न्हाय. हात आटवतो की. डाव्या मनगटाचं हाड वर आलंय. बांगडी तिरकीच घालाया लागती."

मी हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही. मुलींना फसवून आणून त्या घरात धंद्याला लावतात, अशी कुणकुण आम्हालाही होती. पण चौकशीला गेलं की प्रत्येक मुलगी कुणाची तरी भाची निघायची, आणि आम्ही हात हलवत परत यायचो. म्हातारी मात्र हटेना. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच घेऊन छापा घातला.

मुलगी चुलीमागे बसलेली होती. हातात कोऱ्या हिरव्या बांगड्या. डाव्या मनगटाचं हाड वर आलेलं. तिच्याशेजारची बाई गोड हसून म्हणाली, "भाची हाय माजी, सायेब. अक्कलकोटाकडची."

दोघींना ठाण्यात आणलं आणि मी मुलीचा जबाब घ्यायला बसलो. ती 'मावशी' समोरच्याच बाकावर बसली होती. त्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"वय?"

"ईस."

"कोणी आणलं?"

"माज्या मर्जीनं आले."

सगळं पाठ केल्यासारखं. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तिची मूठ आणखी घट्ट झाली. संध्याकाळी तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं होतं. तिथेही ती हेच बोलली असती तर तिला त्याच बाईच्या हवाली करावं लागलं असतं.

तेवढ्यात आमच्या मागोमाग ठाण्यात आलेली कासारीण दारातून म्हणाली, "सायेब, त्या बाईला भाईर काडा आन् मला आत घ्या. तुमी जरा गप ऱ्हावा."

फौजदाराला गप बसायला सांगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण मी त्या बाईला बाहेर पाठवलं आणि गप बसलो. ती मुलीपुढे जमिनीवर बसली. नाव, गाव काही विचारलं नाही. तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ही बांगडी पिचलीया. दुसरी भरू. हात ढिला सोड, बाळ."

पाळण्यातल्या मुलीपासून नवरीपर्यंत सगळ्यांना कासारीण हेच सांगते. ती मूठ एकेक बोट करत उघडली. बांगडी तिरकी होऊन हाडावरून सरकली. ठाण्यात तेवढाच आवाज. तंतू उन्हात तसेच तरंगत होते, आणि आपण झोपेत तर नाही ना, असं मला वाटलं.

मग मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलली. "माजी आई कुटं हाय?"

त्यानंतर सगळं बाहेर आलं. ही बाई दुष्काळी कामावर तिच्या आईशेजारी बसून खडी फोडत होती, भाकरी वाटून खात होती. चादरीच्या कारखान्यात काम देते म्हणून तिनं मुलीला आणलं. तोंड उघडलंस तर पोलीस तुझ्या आईला कोंडतील, असं बजावलं. म्हणजे मी जितका ओरडत होतो, तितकं त्या बाईचं खरं होत होतं. दाखल्यावर वय निघालं चौदा. 'ती ओरडली का नाही' असं लोक आजही विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. ओरडायचं कोणाकडे? माझ्याकडे?

दोन दिवसांनी, दंडाधिकाऱ्यांच्या हुकमावरून, आई आणि चुलता तिला न्यायला आले. चुलता दारातच अडला. "गावात काय सांगायचं, सायेब?"

मुलीची मूठ पुन्हा आवळली गेली.

त्या दिवशीही गाठोडं घेऊन आलेली कासारीण त्याच्याकडे न बघता पुढे झाली. "त्या घरात मी किती पोरींना बांगड्या भरल्या, आन् गप ऱ्हायले. गावात माजं नाव सांगा. लाज माजी हाय, हिची न्हाय." मग ती मुलीपुढे बसली. "हिरव्या मीच भरल्या हुत्या, मीच उतरिवते."

तिनं त्या एकेक करून उतरवल्या आणि लहान मुली घालतात तशा रंगीबेरंगी बांगड्या गाठोड्यातून काढून तिला भरल्या. आईनं लेकीचा हात आपल्या हातात धरला. चुलता दारातून पुढे आला आणि म्हणाला, "यष्टीची येळ झाली. चला."

पुढे नोकरीत असे बरेच जबाब घेतले. सोबतच्या 'मावशी'ला आधी बाहेर पाठवायचो. मग मुलीच्या मुठीकडे बघायचो. ती आवळलेली असली की कागद बाजूला ठेवायचो आणि गप बसायचो.