मेजाआधीचा शनिवार

काकूंचा फोन आला तेव्हा मी काल्हेरच्या गोडाउनमध्ये माल उतरवून घेत होतो. "विनय, हे गेले रे. चहा मागितला, आणि तो गाळेपर्यंत…" मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली. माझा स्वभावच तसा आहे, कोणत्याही गोष्टीत आधी स्वतःचा दोष शोधायचा. काका असते तर हसले असते.

शांतवनकाका आमच्या भिवंडीतल्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. पाळकाच्या बरोबरीने लोकांची आत्मिक काळजी वाहणाऱ्याला आम्ही वडील म्हणतो. काका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. त्यालाच आम्ही मेज म्हणतो. त्याच्या आदल्या शनिवारी काका घरोघर जात. कुणाशी अबोला आहे का, मनावर ओझं आहे का, आणि उद्या मेजाला येणार ना, एवढंच विचारत. चपला काढताना त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवत. म्हणत, "घरातल्या बाईला लगेच कळतं, म्हातारा जेवायला थांबणार नाही."

काही वर्षांपूर्वी काल्हेरला एका नव्या इमारतीच्या हॉलमध्ये तरुणांचा एक गट जमू लागला. ते स्वतःला कॅल्विनवादी म्हणवत. माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही, देवच त्याला निवडतो, हे ते पाच मुद्द्यांत मांडत. मी त्यांचा ऋणी आहे. शास्त्र ओळीओळीने वाचायला मला त्यांनीच शिकवलं. पण तान्हेपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असंही ते सांगत, आणि आपला विश्वास खरा की खोटा हे सतत तपासत राहा म्हणत. माझ्यासारख्याला ते सांगायला नको होतं. मी तपासत गेलो आणि रोज काही ना काही सापडत गेलं. देवाने मला निवडलंच नसेल तर… या भीतीने भाकरीचं ताट समोर आलं की मी काही न घेताच ते शेजाऱ्याकडे सरकवू लागलो. तिकडेही आणि आमच्या मंडळीतही.

काकांनी ते पाहिलं होतं. तरी शनिवारी ते येतच राहिले. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, ही मुलं जुन्या शिकवणीला धरून आहेत की नाहीत? ते म्हणाले, मुद्दे जुनेच आहेत, खोटे नाहीत. पण पूर्वी युरोपात ज्यांनी ती शिकवण दिली त्यांच्यातल्या कितीकांना घरदार सोडून पळावं लागलं होतं. देव आपल्याला सोडणार नाही, हा धीर त्यांना हवा होता. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, घरोघर जाऊन विचारपूस करत. नुसते मुद्दे उचलले आणि हे सगळं मागे ठेवलं, तर धीराचा धाक होतो. मग स्वतःच हसून म्हणाले, "आपणही फुशारकी मारू नये. ते जुने लोक म्हणत होते, मेज दर रविवारी मांडा. आपण महिन्याने मांडतो."

मी म्हणालो, माझ्या बाप्तिस्म्याचं मला काहीच आठवत नाही.

"मला आठवतं ना. माझ्याच हातात होतास. देवाने तुला आपलं म्हटलं, आणि तू काय दिलंस? माझ्या नव्या सदऱ्यावर दूध ओकलास."

शेवटी ते अंथरुणाला खिळले. त्या महिन्यात मेजाआधीच्या शनिवारी मीच त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, आज माझ्याकडे कुणी आलेलं नाही, तूच विचार. मी चाचरत विचारलं, कुणाशी अबोला?

"तुझ्या काकूशी. भाजीत मीठ घालत नाही."

"डॉक्टरांशी धरा अबोला," काकू आतून म्हणाल्या.

मनावर ओझं? काका म्हणाले, "मलाही भीती वाटते रे कधीकधी. तेव्हा मी स्वतःच्या आत बघत नाही, तिथे अंधारच असतो. ख्रिस्ताकडे बघतो. देवाची निवड दिसते ती तिथेच." मग माझा हात धरून म्हणाले, "तू येणार ना उद्या?"

"मी लायक नाही, काका."

"लायक असतास तर एवढ्या वेळा बोलवायला कशाला आलो असतो?"

दुसऱ्या दिवशी मी ताट सरकवलं नाही. भाकर तोंडात घोळत राहिली, मग गिळली… उपासनेनंतर पाळकसाहेब काकांना घरी प्रभुभोजन द्यायला गेले, तर काकांनी आधी विचारलं म्हणे, विनयने घेतली का? त्याच आठवड्यात ते गेले. फोनवर मला जे सुटल्यासारखं वाटलं ते यामुळे. मी भाकर घेतली, हे जाण्याआधी त्यांना कळलं होतं. आता त्याची लाज वाटत नाही.

या महिन्यात पाळकसाहेबांनी काका शनिवारी जात त्यातली काही घरं माझ्याकडे दिली. पहिलं घर काकूंचंच होतं. दाराशी चपला काढून मी आत गेलो आणि प्रश्न कसा विचारावा याची जुळवाजुळव करत बसलो. काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. माझ्या चपला बाहेर तोंड करून उभ्या होत्या, मी कधी तशा ठेवल्या ते माझं मलाच कळलं नव्हतं.

काकूंनी पदराने डोळे पुसले. "आत वळव त्या," म्हणाल्या. "जेवून जायचंय."