कार्डावर आम्ही दोघंच

मंडळी, आजचंच सांगते. दुर्गदबैल बाजाराजवळचं काकांचं रेशन दुकान इतकी वर्षं मीच चालवत होते. काकांनी लग्न केलं नाही. आई-बाबांमागं मला त्यांनीच वाढवलं. गेल्या महिन्यात ते गेले.

आज लायसन्स माझ्या नावावर करायला ऑफिसात गेले. साहेब समजुतीनं म्हणाले, "अक्का, त्यांना बायको-मुलं असती तर झालं असतं. पुतणी कुटुंबात येत नाही."

मी आमचं रेशनकार्ड पुढं केलं. त्यावर आम्ही दोघंच.

त्यांनी ते बघितलं. "यातलं काकांचं नाव तेवढं कमी करून घ्या."

आमच्या दुकानाची सगळी कार्डं आता पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाला जोडलीत. माझंही.

आजवर लोकांच्या पिशव्या भरल्या. एकटीच्या तांदळाला केवढी पिशवी लागते, कुणी सांगाल का?