काढलेलं दाखव

"कशावरून?" हा गुरुजींचा आवडता शब्द. दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, की "कशावरून?" नावाडी म्हणाला पाणी उतरतंय, की "कशावरून?" असं विचारताना त्यांची उजवी भुवई वर जायची आणि समोरच्यानं पुरावा दिल्याखेरीज खाली येत नसे. मी कधी म्हटलं, "गुरुजी, लाइट गेले," तर ते उठून खिडकीशी जात आणि समोरच्या मिठाईवाल्याचा पंखा थांबलाय का ते बघून येत. पंखा फिरत असला, तर आमच्याविरुद्ध काहीतरी शिजतंय याची त्यांना खात्रीच पटे.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. पण तुमच्या माणसानं कोणाला संगणकाची भाषा निवडून दिली नसेल. आमच्या गुरुजींनी दिली, आणि तीही संगणकावर काडीचा विश्वास नसताना.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याची रेल्वेतली बदली बनारसला झाली आणि माझ्या संगणकाच्या पदविकेचं काय करायचं, हा प्रश्न राजा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या एका छोट्या संस्थेनं सोडवला. जुन्या पोथ्या स्कॅन करायच्या, पानांवरचे डाग काढायचे आणि छापायला द्यायच्या, असं काम. आम्ही साताऱ्याचे. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरांतलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. "बिजली आली का, तर सफाई सुरू कर," हे मराठी मला नंतर सवयीचं झालं.

गुरुजी वैदिक. त्यांच्या घराण्यात वेदाच्या एका शाखेचं पठण चालत आलेलं होतं, आणि काशीत ते म्हणणारे आता ते एकटेच उरले होते. मुलगा बँकेत, नातवंडं घरातही हिंदी बोलणारी. राहिली होती ती गुरुजींच्या आजोबांच्या हातची पोथी, आणि तिचा कागद बोट लागलं तरी तुटत होता. ती नीट छापून निघाली तर पुढं पाठशाळेत कोणीतरी ते म्हणेल, एवढ्या आशेवर गुरुजी रोज सकाळी तिची थोडी पानं कापडात गुंडाळून आणत आणि दुपारी परत नेत. संस्थेत ठेवायची त्यांची तयारी नव्हती. मला तर हातही लावू देत नसत. पान काचेवर ते ठेवणार, झाकण ते लावणार, मी फक्त बटण दाबायचं. झाकण लावल्यावर ते पानाकडे नव्हे, माझ्याकडे बघत बसायचे. मला फार राग यायचा. एकदा न राहवून मी बोललेच.

"तुझ्यावर शक नाही, मुली," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांवरच आहे."

चित्रं सुधारण्याचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आमच्याकडे होता. त्याला आपण लिहिलेलं प्लगइन, म्हणजे आपलं जादा अवजार, जोडता यायचं. ते लिहायला दोन भाषा होत्या. एक सी आणि दुसरी स्कीम. मी सी निवडली. ती मला चांगली येत होती, ती वेगवान होती, आणि खरं सांगायचं तर सीमध्ये लिहिलं म्हटलं की तेव्हा जरा ताठ मानेनं चालता यायचं.

पोथीवर कुंकवाचे डाग होते, विड्याच्या बोटांचे होते. माझ्या प्लगइननं पहिलं पान क्षणात साफ केलं. संस्थेचे सेक्रेटरी खूश झाले. "बहनजी, एकदम नया लग रहा है." गुरुजी पडद्याजवळ गेले, नाक लागेल इतके जवळ.

"स्वर कुठे गेले?"

वेदाच्या त्या पोथीत अक्षरं काळ्या शाईत होती आणि स्वर लाल शाईत. अक्षराखाली आडवी रेघ असली की आवाज खाली न्यायचा, डोक्यावर उभी रेघ असली की वर. मी प्लगइनला लाल म्हणजे डाग एवढंच शिकवलं होतं. त्यानं डागांबरोबर सगळे स्वरही झाडून काढले होते.

"दुरुस्त करते," मी म्हटलं. "सरळ रेघ असली तर हात लावू नकोस, असं सांगते त्याला."

"तू सांगतेस तेच ते ऐकतं, कशावरून?"

मग मला सगळं सांगावं लागलं. सीमध्ये मी लिहिते, त्याचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर होतं आणि यंत्र ते आकडे चालवतं.

"ते आकडे तुला वाचता येतात?"

"नाही. तसे कोणी वाचत नाही."

"आणि ती दुसरी भाषा?"

"तिच्यात मी लिहिलेल्याच ओळी यंत्र एकेक करून वाचतं आणि चालवतं. पण ती मंद आहे गुरुजी. फार मंद."

"असू दे. कोणाला वाचता येत नाही ते माझ्या आजोबांच्या पोथीवर चालणार नाही."

मी वाद घातला, सेक्रेटरींनी घातला. गुरुजी पानं कापडात बांधायला लागले. मी स्कीम शिकायला घेतली.

स्कीम म्हणजे कंसांचं जंगल. गुरुजींचा हट्ट असा, की मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि तिचा अर्थ मराठीत सांगायचा. ते डोळे मिटून ऐकत. कंस उघडला की बोटाच्या एका पेरावर अंगठा, मिटला की अंगठा मागं. शेवटी म्हणत, "एक मिटायचा राहिलाय." कधी ते बरोबर असायचं, कधी त्यांचीच मोजणी चुकलेली असायची. पण ते कबूल करतील तर शपथ. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत.

असंच एकदा वाचताना त्यांनी मला थांबवलं. "हा शब्द, रंग बघून निवड, म्हणतेस तो. निवड कशी करायची ते कुठे लिहिलंय?"

"ते मूळ प्रोग्राममध्ये आधीच आहे."

"कोणत्या भाषेत?"

मी खाली बघत म्हटलं, "सी."

गुरुजींनी कापडाकडे हात नेला. आता पोथी बांधणार आणि कायमची नेणार, अशी माझी खात्री झाली. पण ते म्हणाले, "मग असं कर. काय काढलं ते फेकू नको. काढलेलं दाखव."

तेव्हापासून माझं अवजार प्रत्येक पानाची दोन पानं करू लागलं. एक साफ झालेलं आणि एक नुसत्या काढलेल्या गोष्टींचं. साफ पानाकडे गुरुजी ढुंकूनही बघत नसत. कचऱ्याचं पान मात्र डोळ्यांत तेल घालून तपासत. त्यात एखादी स्वराची रेघ सापडली की तिच्यावर बोट ठेवून म्हणत, "ही माझी. परत दे."

काम मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पंडितजी टाल रहे हैं." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. म्हाताऱ्याला पोथी हातची सोडायचीच नाहीये, म्हणून हे सगळं. संशय संसर्गजन्य असतो बहुतेक.

एक दिवस जुन्या सीच्या प्लगइनलाही काढलेलं दाखवायला लावून मी ते एका आधीच्या पानावर पुन्हा चालवून बघत होते. गुरुजी आले तेव्हा पडद्यावर त्याचं कचऱ्याचं पान होतं. पांढऱ्यावर नुसत्या लाल रेघा, उभ्या आणि आडव्या, आणि मध्ये एकदोन विड्याचे डाग. अक्षर एकही नाही. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली.

गुरुजींनी खुर्ची पुढं ओढली. उजवा हात उचलला. आणि ते म्हणायला लागले. हात खाली जात होता, वर येत होता, आणि नसलेली अक्षरं त्यांच्या तोंडून येत होती. नुसत्या स्वरांवरून त्यांनी पान ओळखलं होतं. मी मूळ पानाचा प्रिंट घेऊन बोट ठेवत गेले. कुठेही चूक नव्हती.

शेवटच्या ओळीशी हात हवेत थांबला.

"इथे डाग आहे," गुरुजी म्हणाले.

डाग नव्हता. रेघा लख्ख दिसत होत्या. त्यांनी आधीची ओळ पुन्हा घेतली आणि हात पुन्हा तिथंच थांबला. "बंद कर ते," ते म्हणाले, आणि पानं बांधायला लागले. त्यांना गाठ मारता येईना.

मी त्यांच्याबरोबर घाटापर्यंत गेले. पायऱ्यांवर ते टेकले.

"कधी कुठलं गळेल, नेम नाही राहिला," नदीकडे बघत ते म्हणाले. "चुकलो तर टोकणारं कोणी नाही, मुली. ज्यांना ऐकवतो त्यांना येत नाही, आणि येतं त्या माणसाचं हे असं. माझा माझ्यावर भरोसा नाही, म्हणून पोथी पक्की पाहिजे. एक रेघ इकडची तिकडे झाली, तरी आता मला कळणार नाही."

मला त्यांची इतकी माया दाटून आली की मी नुसती शेजारी बसून राहिले. जगातल्या प्रत्येकाला पुरावा मागणारा हा माणूस मनातून फक्त स्वतःला घाबरत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापड सोडलं आणि विचारलं, "हात धुतलेस?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं काही न विचारता पान माझ्या हातात दिलं.

त्या थंडीत गुरुजी गेले. पोथीची शेवटची पानं राहिली होती, ती त्यांच्या मुलानं आणून दिली. मी एका पानावर अवजार चालवलं आणि कचऱ्याचं पान उघडलं. कोपऱ्यात एक लहानशी लाल खूण होती, मूळ पानावर एका अक्षराच्या अगदी खालची. मी ती मोठी करत गेले, इतकी की नुसते चौकोन दिसायला लागले. मग दुसऱ्या शाखेच्या दोघा वैदिकांना बोलावून दाखवलं. एक म्हणाले स्वर आहे, दुसरे म्हणाले विड्याचा शिंतोडा. सेक्रेटरी मागे उभे होते. "छोटा सा दाग है बहनजी, हटाइए."

मी ती खूण परत पानावर ठेवली आणि उरलेल्या पानांवर अवजार चालवलंच नाही. ती पोथी छापली गेली. सुरुवातीची पानं स्वच्छ आहेत आणि शेवटची तेवढी डागाळलेली, जशी आली तशी. छपाई खराब आहे, असं लोक म्हणतात. पाठशाळेत ती पोथी शिकणारी मुलंही तसंच म्हणतात, आणि त्या अक्षराशी आले की आवाज खाली न्यायचा की नाही, यावर दर वेळी अडतात.