हात कोणाचा लागला

"हात कोणाचा लागला?"

सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या बापाकडं पाहिलं. बुलढाण्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. बाकांवर पोरं, पुढे प्राचार्य, आणि भिंतीला चिकटून उभा तिथला शिपाई, म्हणजे माझा बा. नळीत अल्कोहोल ओतलं की आरएनएचे पांढरे धागे दिसायला हवे होते. काही दिसलं नाही. नुसतं नितळ पाणी.

"ह्या लोकांचा हात लागला की सगळं नासतं," सर हसून म्हणाले. पोरं हसली. प्राचार्यही हसले.

मी सरांचा संशोधक विद्यार्थी. तो आरएनए आम्ही पोरांना प्रयोग दाखवायला शहरातून बर्फात घालून एसटीनं आणला होता. आरएनए म्हणजे जनुकाची पेशीनं उतरवलेली नक्कल. ती उतरवणं पेशी नेमकं कुठं थांबवते, मग तिची काटछाट कशी करते, हे आमचं काम. आदल्या दिवशी बाला हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, "अन् थांबाले कोन सांगते तिले?"

"तेच तं शोधून राह्यलो, बा."

सुलतानपूरला आमच्या गावी जाऊन कोणाकोणाला सांगू, असं झालं होतं त्याला.

आरएनएचा वैरी माणसाच्या कातडीवरच बसलेला असतो. उघडं बोट लागलं की झालं, त्याचे तुकडे पडतात. म्हणून बानं सगळी काच ओव्हनमध्ये तापवली, चिमट्यानं उचलली, धुतल्या फडक्याखाली झाकली. त्या प्रयोगशाळेतली प्रत्येक नळी त्याच्या हातची. कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाला मात्र तो हात चालत नव्हता.

काचकांडी उघड्या हातानं उचलली ती मी. आरएनए विरघळवताना तिनंच ढवळलं. बापासमोर ऐट होती. "चिमटा घे ना बे," बा म्हणालाही होता.

आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नळीकडं पाहिलं.

"चुकलं साहेब," बा म्हणाला.

मी मिठाची गुळणी धरून उभा. सगळं ठाऊक असून. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्याला प्रयोगशाळेतून काढलं आणि मैदान झाडायला लावलं. तरी मी गप्प. एसटीत बसलो आणि शहरात निघून आलो.

चार-सहा महिन्यांनी सरांनी स्वतःच गप्पांच्या नादात सामायिक आरएनएच्या नळीचं तोंड उघड्या बोटानं दाबलं. सगळ्यांचं कित्येक आठवड्यांचं काम मातीत गेलं. "होतं असं कधी कधी," सर म्हणाले. कोणीतरी त्यांना चहा आणून दिला.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "सर, बुलढाण्यात हात माझा लागला होता. आज तुमचा लागला. बाचा कधीच लागला नव्हता."

सर थंडपणे म्हणाले, "प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नका."

त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र टाकलं: हात माझा होता. उत्तर एका ओळीचं आलं, नोंद घेतली आहे. बा अजून मैदानच झाडतो. सर अजून सही करत नाहीत.

गावी गेलो तेव्हा माझ्या पत्राची ठेवलेली प्रत बाला वाचून दाखवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"तवा बोलाले पाह्यजे होतं, बापू. पोट्टे हासून राह्यले होते तवा."

एवढंच बोलला आणि चपला घालून बाहेर गेला. मला ती प्रत फाडून टाकावीशी वाटली. शरम कागदावर उतरवली म्हणून ती धुतली जात नाही, हे तेव्हा कळलं.

"चुकलं साहेब." हे बाचे शब्द नव्हते. त्याच्या बापाचे होते, आज्याचे होते. पिढ्यान् पिढ्या उतरवलेली नक्कल. त्या दिवशी मी गप्प राहून तीच पुढे उतरवली.

थांबायला कोण सांगतं? पेशीचं अजून पुरतं कळलेलं नाही. ह्या नकलेला मी सांगणार. ते दोन शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कोणाला म्हणावे लागणार नाहीत. पोरं हसत असतील तेव्हाच बोलेन. सही मिळो न मिळो.